गच्चीवरच्या सोलरला आरसे लावावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बंगला, गच्चीवर ५४० वॉटची सहा पॅनेलं, शेजारी २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर बंब आणि शंभरेक चौरस फूट जागा अजून मोकळी. पॅनेलांच्या मागे आरसे उभे केले, किंवा जुन्या प्रोजेक्शन टीव्हीतून निघणारं फ्रेनेल भिंग (गोल गोल खाचांचं पातळ, सपाट भिंग) वापरून ऊन एकवटलं, तर वीज दीडपट-दुप्पट होईल का? आणि बंबातून उकळतं पाणी मिळेल का?

उत्तर आधी देतो. पॅनेलांना आरसे लावू नका. भिंग तर गच्चीवर नेऊच नका. बंबाच्या बाबतीत थोडं काही करता येईल. ऊन एकवटण्याचं मला वावडं आहे असं मात्र समजू नका. या धंद्यातली माझी बारा वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांच्या छपरांवर आरशांच्या डिश उभारण्यात गेली आहेत. कुठे ते शोभतं आणि कुठे नाही, हे त्या बारा वर्षांत हात भाजून घेऊन कळलं.

भिंगापासूनच सुरू करू. दहा सेंटिमीटर व्यासाचं साधं भिंग घ्या. त्यावर पडणारं ऊन जेमतेम साडेसहा वॉटचं, पण त्याचा ठिपका कागदावर धरला की क्षणात धूर निघतो. आता त्याच भिंगाने आंघोळीची १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर आणायची ठरवा. त्याला सुमारे २६० वॉट-तास उष्णता लागते. म्हणजे भिंग चाळीस तास कडक उन्हात धरून बसायचं, तेही बादली इकडे जराही थंड होत नाही असं गृहीत धरून. दिवसाला सहा तास चांगलं ऊन धरलं, तर आंघोळ पुढच्या आठवड्यात.

सगळी मेख इथेच आहे. ऊन एकवटल्याने ऊर्जा वाढत नाही, तापमान वाढतं. तुमच्या गच्चीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच-साडेपाच युनिट ऊन पडतं, आणि कुठलाही आरसा त्यात एक कणही भर घालत नाही. तो या फरशीवरचं ऊन उचलून त्या फरशीवर टाकतो. आरसा उभा केला तरी त्याच्या मागे सावली पडतेच; त्या सावलीतून गेलेलं ऊनच समोर चमकतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की मला जास्त तापमान हवंय की जास्त युनिटं? तुम्हाला हवी आहेत युनिटं.

जास्त तापमान हवं असेल तेव्हा मात्र एकवटण्याला पर्याय नसतो. तापलेली वस्तू सगळ्या अंगाने उष्णता सोडत असते. अंग जितकं मोठं आणि जितकं गरम, तितकी गळती जास्त. काचेखाली काळा पत्रा घातलेला आपला जुना सपाट हीटर ६० अंशांचं पाणी आरामात देतो. त्याच्याकडून १५० अंश मागितले, तर मिळवलेली बहुतेक उष्णता तो तिथल्या तिथे हवेला देऊन टाकतो. याउलट १६ चौरस मीटर आरशांचं ऊन परातीएवढ्या चकतीवर आणलं, की गळायला जागाच परातीएवढी उरते. मग वाफ करता येते.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर शिर्डीला प्रसादालयाचं छप्पर बघा. २००९ साली तिथे प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ डिश बसवल्या गेल्या. रचना जर्मन संशोधक वोल्फगांग शेफलर यांची. त्यांनी ती स्वतःपाशी अडवून न ठेवता सगळ्यांना खुली केली, म्हणून भारतात ती इतकी पसरली. तिची खुबी अशी की डिश फिरते पण तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही. पृथ्वीच्या आसाला समांतर अशा दांड्याभोवती डिश तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळाच्या तास-काट्याच्या निम्म्या वेगाने. समोरची लोखंडी चकती, जिला आम्ही रिसीव्हर म्हणतो, एका जागी घट्ट बसवलेली असते आणि तिच्यातलं पाणी वाफ होऊन वरच्या जाड नळात, हेडरमध्ये, जातं. तिथून खाली भात-डाळीच्या भांड्यांकडे. गॅसवर चालणारा बॉयलर जोडीला असतोच, कारण ढग आले म्हणून भक्तांना उपाशी ठेवता येत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. त्यामागची रोजची कटकट कुणी सांगत नाही. सूर्य ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी डिशचा बाक हाताने थोडा बदलावा लागतो. ते काम करणारा माणूस रजेवर गेला की ठिपका रिसीव्हरच्या कडेला पडू लागतो आणि स्वयंपाकी म्हणतो, आज वाफेला जोर नाही. शिवाय १६ चौरस मीटरची डिश सूर्याच्या बाजूने पाहिली तर तिरकी दिसते. प्रत्यक्षात ती ऋतूप्रमाणे साधारण ९ ते १४ चौरस मीटर उन्हाचंच काम करते. कागदावरचा हिशोब १६ ने करणारे विक्रेते मी भरपूर पाहिले आहेत.

एका वसतिगृहाच्या मेसवर आमच्या दहा डिश होत्या. डिशची ओळ एकाच मोटरने आणि पोलादी दोरीने फिरायची. एका रविवारी दोरी कप्पीवरून उतरली आणि दोन डिश जागीच अडकल्या. सूर्य थांबत नाही, त्यामुळे काही मिनिटांत दोन्ही ठिपके रिसीव्हरवरून घसरून बाजूच्या खांबावर गेले. खांबाला आम्ही, आमच्याच शहाणपणाने, कंट्रोलची वायर टाय मारून बांधली होती. मी खाली चहा पीत होतो. पहिल्यांदा वास आला, मग सगळ्या डिश थांबल्या. वर जाऊन पाहिलं तर वायरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून गेलेलं आणि उघडी तार चमकत होती. त्या दिवसापासून ठिपक्याच्या वाटेत येऊ शकणाऱ्या प्रत्येक जागी मी आधी हात फिरवून पाहतो, डिश अर्थातच पाठमोरी करून.

लातूरच्या महानंद डेअरीत याहून वेगळा मार्ग घेतला गेला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या संशोधनातून ‘अरुण’ नावाची मोठी डिश तयार झाली, आरशांचं क्षेत्रफळ १६० चौरस मीटरच्या घरातलं. ती एकाच खांबावर उभी राहते आणि दोन्ही अक्षांवर सूर्यामागे फिरते. दाबाखालचं गरम पाणी मिळतं, त्यावर दूध पाश्चराइज होतं. डेअरी, धुलाई, मोठी मेस, औषधांचा कारखाना: जिथे रोज, वर्षभर, शंभर अंशांच्या वरची उष्णता लागते आणि लक्ष ठेवायला पगारी माणूस असतो, तिथे आरशांचा खर्च निघतो. घरात यातलं काहीच नसतं.

आता तुमची पॅनेलं. तुमची कल्पना वेडगळ नाही, हे आधी सांगतो. पॅनेलाच्या उत्तरेकडच्या वरच्या कडेला पॅनेलाइतक्याच उंचीचा आरसा सरळ उभा केला, तर डिसेंबरात भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि आरशातून येणारं ऊन थेट उन्हात जवळजवळ निम्म्याची भर घालतं. कागदावर हे अगदी बरोबर आहे. व्हिडिओवाल्यांनी ते डिसेंबरातच, दुपारी बारालाच चित्रित केलेलं असतं.

सकाळी नऊला काय होतं ते ते दाखवत नाहीत. सूर्य आग्नेयेला, म्हणून आरशातलं ऊन तिरकं पश्चिमेकडे जातं. ओळीतल्या पूर्वेकडच्या एक-दोन पॅनेलांवर ते पोचतच नाही. तुमची सहाही पॅनेलं एका माळेत, सिरीजमध्ये, जोडलेली आहेत. माळेतून करंट एकच वाहतो, आणि तो सगळ्यात कमी उजेडातल्या पॅनेलाच्या मापाने. चार पॅनेलांना दीडपट ऊन आणि दोघांना साधं, तर बहुतेक वेळा सहाही जणं साध्याच्याच हिशोबाने चालतात आणि चौघांचं जादा ऊन नुसती उष्णता होऊन जातं.

दुपारी बाराला समजा सगळ्यांवर सारखं ऊन पडलं. मग अडवतो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलांची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा. ५४० वॉटच्या पॅनेलाचा करंट मुळातच १३ अँपियरच्या आसपास. दीडपट ऊन म्हणजे जवळपास १९-२०. घरगुती छोट्या इन्व्हर्टरची इनपुट करंटची मर्यादा बहुधा १२ ते १६ अँपियर असते. तुमच्या इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाचा, तिथे हा आकडा आहे. त्यावरचं तो घेत नाही. बाहेर सोडायची मर्यादाही तीन किलोवॉटचीच. म्हणजे आरशांवर खर्च करून तुम्ही जी वीज तयार कराल, ती नेमक्या भरदुपारी इन्व्हर्टर दारातच परत पाठवेल.

आणि तापमान. उन्हात पॅनेल आसपासच्या हवेपेक्षा पंचवीस-तीस अंश गरम असतं. दीडपट उन्हात ते चाळीस-पंचेचाळीस अंशांनी गरम होतं. सिलिकॉनचं गणित असं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पाच-सहा टक्के तिथेच गेले. त्याहून वाईट म्हणजे मागचं प्लास्टिकचं आवरण आणि जंक्शन बॉक्स वर्षानुवर्षं त्या तापात शिजत राहतात. पंचवीस वर्षांची वॉरंटी एकवटलेल्या उन्हासाठी नसते. कार्ड काढून बारीक अक्षरं वाचून पाहा.

मे महिन्यात तर गंमतच. पुण्यात मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीला शून्य सावली दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडे. म्हणजे उत्तरेच्या कडेला उभा केलेला तुमचा आरसा तेव्हा पॅनेलांवर सावली टाकेल. मग तो दर उन्हाळ्यात उतरवा, दर दिवाळीला चढवा.

उतरवला नाही तर वळीव उतरवेल. भारतीय मानकांप्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. ३९ च्या वेगाला एका चौरस मीटरवर ९० किलोंहून जास्त जोर येतो. दोन चौरस मीटरचा आरसा म्हणजे दोन-तीन धडधाकट माणसं एका कडेला लोंबकळल्यासारखं. माझ्या एका गिऱ्हाइकाने, मी नको म्हणत असताना, जुन्या कपाटांचे आरसे अँगलच्या चौकटीत बसवून पॅनेलांमागे उभे केले होते. एप्रिलातल्या एका संध्याकाळी दहा मिनिटं वारा सुटला. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चौकट दोन पॅनेलांवर आडवी पडलेली, काचेचे कपचे नळीपर्यंत गेलेले, आणि एका पॅनेलाची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. ते पॅनेल वीज देतच होतं, हे विशेष. पण तडकलेलं पॅनेल पावसाळ्यात गच्चीवर ठेवणं म्हणजे ओल्या हाताने बटण दाबण्यासारखंच, म्हणून काढून टाकलं. उरलेले आरसे खाली शेजाऱ्यांच्या अंगणात पडले नाहीत हे नशीब.

वक्र चकचकीत पृष्ठभाग काय करू शकतो हे लंडनकरांनी २०१३ साली पाहिलंय. तिथल्या ‘वॉकी-टॉकी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीची काचेची बाजू आतल्या बाजूला वळलेली आहे. तिच्यातून एकवटलेल्या उन्हाने खाली रस्त्यावर लावलेल्या एका जग्वार गाडीचे भाग वितळले होते. लंडनच्या उन्हाने! आपल्याकडच्या एप्रिलचा विचार करा.

मग भिंगाखाली ठेवायचे खास सेल असतात म्हणे, त्यांचं काय? असतात. अनेक थरांचे, अगदी चिमुकले. २०१४ साली जर्मनीत अशा सेलने ५०८ पट एकवटलेल्या उन्हात ४६ टक्के कार्यक्षमता गाठली. घरच्या पॅनेलाच्या दुपटीहून जास्त. पण त्याला सूर्याकडे अचूक रोखणारी यंत्रणा लागते, आणि तोवर साध्या सिलिकॉन पॅनेलांच्या किमती इतक्या कोसळल्या की त्या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी गाशा गुंडाळला. छपरासाठी ते कधी आलंच नाही.

शिवाय आपला पावसाळा. आरसा असो वा भिंग, ते फक्त सूर्याकडून सरळ येणारे किरण एकवटू शकतं. ढगांतून, धुळीतून, धुरक्यातून विखरून आलेला उजेड सगळ्या दिशांनी येतो, त्याला एका ठिपक्यात गोळा करता येत नाही. सपाट पॅनेल मात्र तो विखुरलेला उजेडही खातं. जून ते सप्टेंबर पुण्याच्या आकाशातून बहुतेक तसाच उजेड येतो. जुलैत तुमची पॅनेलं रडतखडत का होईना पाच-सहा युनिटं देतील. माझ्या डिश तेव्हा ताडपत्री घालून झोपलेल्या असायच्या.

आता बंबाकडे येऊ, कारण तिथे तुमच्या कल्पनेला खरा वाव आहे. ट्यूब गोल असते. ऊन वरून पडतं, तिची पाठ कोरडीच राहते, आणि दोन ट्यूबांमधल्या फटीतून बरंच ऊन सरळ फरशीवर जातं. फटीतलं हे ऊन परत ट्यूबच्या पाठीवर टाकणारा खोलगट आरसा मागे बसवला, की सूर्यामागे न फिरता दिवसभर फायदा होतो. या आकाराचं शास्त्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रोलंड विन्स्टन यांनी मांडलं. मुळात ते अणुकणांच्या प्रयोगांत क्षीण उजेड गोळा करण्यासाठी होतं, सत्तरच्या दशकात ते सौर कामाकडे वळलं. त्यात कल्पना अशी की उन्हाचा ठिपका करायचाच नाही. ठरावीक कोनात कुठूनही आलेला किरण कसाही उड्या मारत आत पोचला म्हणजे झालं. कोन जितका रुंद ठेवाल तितकं एकवटणं कमी. दोन्हीकडे तीस-तीस अंशांचा कोन ठेवला तर जास्तीत जास्त दुप्पट. घरासाठी तेवढं पुष्कळ.

पण तुम्हाला त्याचीही गरज आहे का, ते पाहू. २०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला आठ युनिट उष्णता लागते, आणि चांगल्या स्थितीतला बंब पुण्याच्या हिवाळ्यात तेवढी सहज मिळवतो. उन्हाळ्यात तर ट्यूबवाले बंब गरजेपेक्षा जास्तच तापतात. पाणी न वापरता घर आठवडाभर बंद ठेवलं, की टाकीत वाफेची गुरगुर सुरू होते. त्यावर आणखी आरसे लावून करायचं काय? तुमचं पाणी कोमट येत असेल तर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी ट्यूबा आतून पांढऱ्या झाल्या असतील, किंवा टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या नळाचं आवरण उन्हाने फाटलं असेल. दोनशे लिटर गरम पाणी वर, आणि नळात पहिली बादलीभर थंड पाणी: बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. ट्यूबा साफ करून घ्या, नळाला नवं आवरण चढवा. एवढ्यावरही एकवटण्याची हौस उरली, तर ट्यूबांखालची फरशी पांढरी करा. जुन्या पुणेरी गच्च्यांवरचं चायना मोझॅक किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग, दोन्ही चालतं. ते ऊन चहूकडे उडवतं, त्यातलं थोडं ट्यूबांच्या पाठीला मिळतं, आणि खालची खोलीही थंड राहते. घरगुती पन्नी मात्र चिकटवू नका. ती पहिल्या पावसाळ्यात सुटते आणि वर्षभर फडफडत राहते.

राहिलेल्या शंभर चौरस फुटांचं म्हणाल, तर तिथे पॅनेलंच लावा. ५४० वॉटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर बाय एक मीटरहून थोडं जास्त, म्हणजे तीन पॅनेलं बसतील, दीड किलोवॉटच्या वर. आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरायची, म्हणजे सहा-साडेसहा युनिटं, एकही हलता भाग न ठेवता. इन्व्हर्टर बदलावा लागेल किंवा दुसरा छोटा जोडावा लागेल, आणि नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) मंजूर क्षमतेसाठी महावितरणकडे अर्ज. ते आधी करा, लोखंड नंतर आणा. नवी पॅनेलं दोन्ही बाजूंनी उजेड घेणारी, बायफेशियल, घ्या आणि ती फरशीपासून उंच बसवा. खाली पांढरं मोझॅक असलं तर मागच्या बाजूने पाच ते दहा टक्के भर मिळते. तुमच्या आरशांनी जे करायचं होतं तेच हे, फक्त पॅनेल बनवणाऱ्याच्या संमतीने. ही नवी तीन जुन्या माळेत जोडू नका, त्यांची वेगळी ओळ करा.

एवढं करूनही आरशाशी खेळावंसं वाटलं, तर सूर्यचूल घ्या, पेटीवाली. झाकणात एक आरसा, आत काळे डबे. सकाळी दहाला डाळ-तांदूळ लावून उतरा, साडेबाराला वर जा. घरासाठी आरशाचा याहून प्रामाणिक उपयोग मला माहीत नाही. शेंगदाणे तर तिच्यात असे भाजले जातात की कढईत जमत नाहीत. डिशवाली चूल जास्त जोरकस, १.४ मीटर व्यासाच्या डिशवर भाकरीचा तवाही तापतो. पण ती दर पंधरा-वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवावी लागते, डोळ्यांवर काळा चष्मा लागतो, आणि मे महिन्याच्या दुपारी ते काम घरातलं कोण करणार हे आधी ठरवून मगच विकत घ्या. आमच्या घरी ते ठरलं नाही, म्हणून आमची डिश आता वाळवणाच्या साबुदाणा-पापड्यांवरून कावळे हाकलायच्या कामी येते.

भिंग घेतलंच असेल तर ते जाड कापडात गुंडाळून, खिडकीपासून लांब, कपाटात आडवं ठेवा. गच्चीवरच्या खोलीत, भिंतीला टेकवून, मुळीच नको. काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी समोर असते, आणि सकाळी आठला ऊन दारातून नेमकं कुठून येतं ते आपण बघितलेलं नसतं.